विणकराच्या गावचं राष्ट्रगीत

कार्डिफहून उत्तरेकडे निघालेली रेल्वे टॅफ नदीच्या खोऱ्यातून साधारण अर्ध्या तासात पॉन्टप्रीदला पोचते. दक्षिण वेल्समधलं हे मध्यम आकाराचं बाजारगाव. पर्यटनाच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही. महाराष्ट्रातून ब्रिटनला जाणाऱ्या सहलीही लंडन, ऑक्सफर्ड, एडिंबरा करून परततात आणि वेल्स बाजूला राहून जातं. पण वेल्सच्या लोकांना गाण्याचं एवढं वेड का, या प्रश्नाचं उत्तर ज्याला हवं आहे त्याने राजधानीतल्या मोठ्या दालनांआधी पॉन्टप्रीदचं छोटं संग्रहालय पाहावं.

ते आहे नदीकाठी, जुन्या दगडी पुलाला लागून, एका जुन्या चॅपेलमध्ये. वेल्श बॅप्टिस्टांनी 1861 साली बांधलेलं हे ‘टॅबरनॅकल’. भाविकांची संख्या घटत गेली, प्रार्थना थांबल्या आणि 1986 मध्ये तिथे गावाचं संग्रहालय सुरू झालं. वरचं नक्षीदार छत आणि पाईप ऑर्गन मात्र जागच्या जागी राहिले. त्यामुळे कोळसा, रेल्वे, लोखंडी साखळ्या, दुकानदारी अशा गावाच्या रोजच्या आयुष्याच्या वस्तू इथे ऑर्गनच्या सावलीत मांडलेल्या दिसतात. ही मांडणी इतिहासाला धरूनच आहे, कारण या खोऱ्यात घाम आणि गाणं कायम एकाच छपराखाली नांदले.

आधी पुलाकडे पाहावं. विल्यम एडवर्ड्स हा शेतकऱ्याचा मुलगा, गवंडीकाम स्वतःच शिकलेला, शिवाय धर्मोपदेशक. टॅफवर पूल बांधायचं काम त्याने 1746 मध्ये अंगावर घेतलं. पहिला पूल पुराने नेला. मग नदीत खांबच नको म्हणून त्याने एकच मोठी कमान टाकायचं ठरवलं, तीही कोसळली. कमानीच्या दोन्ही बाजूंचं वजन इतकं होत होतं की मधला भाग वर उचलला जाऊन फुटायचा. अखेर एडवर्ड्सने दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल भोकं ठेवून दगडांचा भार कमी केला आणि 1756 मध्ये 140 फुटांची कमान उभी राहिली. त्या काळी ब्रिटनमधली ती सर्वांत लांब एकसंध कमान होती. ती आजही उभी आहे आणि तिच्यावरून चालत जाता येतं.

पुलानंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे जानेवारी 1856 मध्ये, याच गावात वेल्सचं राष्ट्रगीत जन्माला आलं.

इव्हान जेम्स हा विणकर होता, त्याची लोकरीची छोटी गिरणी होती. तो फावल्या वेळात कविता करायचा. मुलगा जेम्स जेम्स तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि हार्प वाजवायचा. पुढे त्याने मद्यगृहं चालवली. रोंडा नदीच्या काठाने फिरताना मुलाला चाल सुचली, घरी येऊन त्याने ती बापाला ऐकवली आणि बापाने तिच्यावर शब्द बसवले, अशी कथा सांगतात. इव्हानच्या भावांनी त्याला अमेरिकेला बोलावलं होतं आणि आपण इथेच का राहणार याचं उत्तर म्हणून त्याने हे शब्द लिहिले, असंही सांगितलं जातं. कथेचा तपशील काहीही असो, गाण्याचं पहिलं नाव ‘ग्लान रोंडा’, म्हणजे रोंडेचा काठ, हेच होतं. पुढे ते ‘हेन व्लाद व न्हादाय’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ‘माझ्या वाडवडिलांची जुनी भूमी’ असा त्याचा अर्थ. माइस्टेग गावातल्या एका चॅपेलच्या बाजूच्या खोलीत पॉन्टप्रीदच्याच एलिझाबेथ जॉन या तरुणीने ते प्रथम गायलं.

हे गीत राष्ट्रगीत व्हावं असा हुकूम कुणी काढला नव्हता. 1858 मध्ये लँगॉथ्लेन गावातल्या काव्य-संगीत उत्सवात अप्रकाशित वेल्श चालींच्या संग्रहासाठी स्पर्धा होती. तिथे आलेल्या एका संग्रहात ही चाल होती. परीक्षक जॉन ओवेन यांना ती आवडली आणि त्यांनी ती आपल्या पुस्तकात छापली. तिथून ती गावोगावच्या मैफलींत गेली. मुळात ती नाचाच्या अंगाची, सहा-आठच्या लयीतली होती. हजारो लोक एकत्र गाऊ लागले तेव्हा ती संथ झाली आणि आजचं भारदस्त रूप तिला आलं. लोकांच्या गळ्यानेच तिची लय ठरवली. 11 मार्च 1899 रोजी लंडनमध्ये मॅज ब्रीझ या गायिकेने ती ग्रामोफोनसाठी गायली. वेल्श भाषेतलं ते पहिलं ज्ञात ध्वनिमुद्रण.

मग आला 16 डिसेंबर 1905. न्यूझीलंडचा रग्बी संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर होता आणि तोपर्यंत एकही सामना हरला नव्हता. कार्डिफच्या मैदानावर पाहुण्यांनी आपला माओरी ‘हाका’ सादर केला. त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या टेडी मॉर्गनने राष्ट्रगीत सुरू केलं आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरलं. खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत गाण्याची जगातली ही पहिली वेळ मानतात. वेल्सने तो सामना 3-0 असा जिंकला आणि निर्णायक गुण मॉर्गननेच मिळवले. आज वानखेडेवर किंवा ऑलिंपिकच्या मैदानावर सामन्याआधी खेळाडू रांगेत उभे राहतात, त्या प्रथेच्या उगमाशी एका विणकराचे शब्द आहेत.

पॉन्टप्रीदच्या नावावर एवढं एकच गाणं असतं तरी पुरलं असतं. पण गावाला लागून असलेल्या हॉपकिन्सटाउनमध्ये ‘कॅपेल रोंडा’ नावाचं चॅपेल आहे. 1907 मध्ये तिथे नवा ऑर्गन बसवला गेला, त्या समारंभासाठी जॉन ह्यूज यांनी एक भजनाची चाल बांधली आणि ऑर्गनवर ते स्वतः बसले. पोटापाण्यासाठी ते कोळशाच्या खाणीत कारकुनी करत. ‘कूम रोंडा’ ही ती चाल. इंग्रजी बोलणाऱ्या जगातल्या चर्चमध्ये आणि रग्बीच्या मैदानांवर ती आज इतकी गायली जाते की ती एका खाणकामगार वस्तीतल्या चॅपेलसाठी रचली होती हे बहुतेकांना ठाऊकही नसतं. वेल्सची सर्वांत जास्त गायली जाणारी दोन गाणी एकाच गावच्या परिसरातली, पन्नास वर्षांच्या अंतराने आलेली, आणि दोन्हींचे रचनाकार कष्टकरी वर्गातले. संग्रहालयाच्या जुन्या भिंतींमध्ये उभं राहून हे समजून घेताना वेल्सच्या संगीताची खरी ओळख पटते. हे दरबाराचं किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्याचं संगीत नाही.

ते तसं का झालं, याचं एक कारण दगडी कोळशात आहे. 1851 मध्ये रोंडाच्या खोऱ्यात जेमतेम हजारभर माणसं राहत होती, तीही मेंढपाळ आणि शेतकरी. 1911 पर्यंत ती दीड लाखांवर गेली. 1913 मध्ये दक्षिण वेल्सच्या खाणींनी सुमारे 5 कोटी 70 लाख टन कोळसा काढला. रोंडाचा कोळसा पॉन्टप्रीदवरूनच बंदराकडे जायचा. गावात ब्राउन लेनॉक्सचा कारखाना होता, तिथे जहाजांच्या नांगरांचे साखळदंड घडत. अभियंता ब्रुनेलच्या अजस्र ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाचे साखळदंड इथलेच. त्याच जहाजाने 1870 मध्ये मुंबई ते एडन अशी समुद्राखालची तार टाकली आणि मुंबईचा निरोप लंडनला काही मिनिटांत पोचू लागला. गाव छोटं असलं तरी त्याच्या लोखंडाचा धागा असा आपल्या किनाऱ्यापर्यंत आलेला आहे.

या समृद्धीची किंमत जबर होती. 23 जून 1894 रोजी जवळच्या किल्व्हनिदमध्ये ऑल्बियन खाणीत स्फोट झाला आणि 290 माणसं आणि पोरं गेली. ऑक्टोबर 1913 मध्ये थोड्याच अंतरावरच्या सेंघेनिदमध्ये 439 खाणकामगार मेले. ब्रिटनच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी खाण दुर्घटना. अशा वस्त्यांमध्ये माणसांना धरून ठेवणारी जागा म्हणजे चॅपेल. तिथे प्रार्थना व्हायची, रविवारच्या शाळेत मोठी माणसंही वाचायला शिकायची आणि सगळे मिळून गायचे. वाद्य विकत घ्यायला पैसे नव्हते, गळ्याला पैसे पडत नव्हते.

पण चार वेगवेगळ्या आवाजांत मिळून गायचं तर स्वरलेखन वाचता आलं पाहिजे. इथे ‘टॉनिक सोल्फा’ कामाला आली. नॉरिचच्या सारा ग्लोव्हर यांनी बीज घातलेली आणि जॉन करवेन यांनी वाढवलेली ही पद्धत पाच रेघांच्या ऐवजी साध्या अक्षरांत स्वर लिहिते. तिच्यातला ‘दो’ आपल्या षड्जासारखा कुठल्याही पट्टीत धरता येतो, बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ठरतात. कागद स्वस्त, शिकणं सोपं. दिवसभर खाणीत राबणारा माणूस संध्याकाळी हॅन्डलचा ‘मसाया’ गाऊ लागला तो या अक्षरांमुळे. 1859 मध्ये योन गुइल्ट या नावाने लिहिणाऱ्या जॉन रॉबर्ट्स यांनी सामूहिक भजनांच्या चालींचा संग्रह काढला आणि त्यातून ‘कमान्वा गानी’ची प्रथा रुजली. अनेक चॅपेलांची माणसं एकत्र येतात, स्त्रीपुरुष आवाजानुसार गट करून बसतात आणि दिवसभर भजनं गातात. ऐकायला वेगळा श्रोता नसतो, जो येतो तो गातो.

लोहारकाम केलेल्या ग्रिफिथ रीस जोन्स यांनी 1872 आणि 1873 मध्ये दक्षिण वेल्समधल्या शेकडो कामगारांचा महाकाय गायकवृंद लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला नेला आणि दोन्ही वर्षं मानाचा चषक आणला. लोक त्यांना ‘कराडॉग’ म्हणत. अॅबरडेअर गावाच्या चौकात त्यांचा पुतळा आहे. संगीतसंचालकाचा पुतळा गावाच्या मध्यभागी उभारणारा समाज कशाला मान देतो हे त्यावरून कळतं.

या कहाणीला एक दुखरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणं योग्य नाही. ज्या चॅपेलांनी गायकवृंद दिले, त्यांनीच त्याआधीचं संगीत जवळजवळ संपवलं. अठराव्या शतकातल्या धार्मिक जागृतीने नाच, सारंगीसारखी वाद्यं, मद्यगृहातली गाणी पापाच्या यादीत टाकली. हार्पवादक एडवर्ड जोन्स यांनी 1784 मध्ये जुन्या चालींचा संग्रह छापला आणि पुढे धर्मोपदेशकांमुळे लोक गाणंबजावणं सोडत असल्याची खंत लिहून ठेवली. त्यात पार बुडालं ते ‘क्रूथ’. सहा तारांचं, गजाने वाजवायचं हे वाद्य. चार तारांवर सूर धरायचा, उरलेल्या दोन तारा बाजूला, त्यांचा षड्जासारखा सतत नाद. घोडीचा एक पाय छिद्रातून आत जाऊन मागच्या फळीला टेकतो, त्यामुळे आवाजाला घुमारा येतो. कार्डिफच्या वेशीवरच्या सेंट फॅगन्स राष्ट्रीय संग्रहालयात रिचर्ड इव्हान्स यांनी 1742 मध्ये घडवलेलं एक क्रूथ जपून ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकात ते वाजवणारी परंपरा तुटली. आज काही कलावंत अशा जुन्या नमुन्यांवरून नवी वाद्यं घडवून ती पुन्हा शोधत आहेत.

तीन ओळी तारांचा हार्प मात्र थोडक्यात वाचला. मूळ इटलीचा, सतराव्या शतकात आलेला आणि मग वेल्सने आपलासा केलेला हा हार्प. बाहेरच्या दोन ओळींत एकच स्वर, मधल्या ओळीत कोमल-तीव्र, त्यामुळे दोन्ही हातांनी एकच स्वर लागोपाठ छेडता येतो. लेडी लॅनोव्हर यांनी एकोणिसाव्या शतकात त्याला आश्रय दिला आणि विसाव्या शतकात नॅन्सी रिचर्ड्स यांनी जवळपास एकटीने तो हातात धरून ठेवला. 1979 मध्ये त्या गेल्या तोपर्यंत नवे शिष्य तयार झाले होते. हार्पच्या जोडीने ‘केर्द दान्त’ ही गायनाची रीतही टिकली. हार्पवर एक चाल सुरू होते, गायक थोड्या अवकाशाने वेगळ्या चालीत कविता घेऊन शिरतो आणि दोघं शेवटी नेमके एकत्र पोचतात. कवितेचा प्रत्येक शब्द स्पष्ट कळला पाहिजे, ही त्यातली अट.

पॉन्टप्रीदच्या वारशात सर्वांत विलक्षण माणूस म्हणजे डॉ. विल्यम प्राइस. डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, अंगात हिरवे कपडे, मनात प्राचीन द्रुइड धर्माचं पुनरुज्जीवन. गावावरच्या टेकडीतल्या डोलणाऱ्या शिळेपाशी त्याचे विधी चालत. त्याच शिळेपाशी त्याआधी योलो मोर्गानुग या कवीने कवींचे मेळावे भरवले होते. योलोने पुष्कळ ‘प्राचीन’ हस्तलिखितं स्वतःच रचली होती हे पुढे सिद्ध झालं, पण त्याने 1792 मध्ये सुरू केलेला ‘गोर्सेद’ हा कवीसंघ आजही वेल्सच्या राष्ट्रीय उत्सवाचा मानकरी आहे.

प्राइसचं नाव मात्र वेगळ्याच कारणाने इतिहासात गेलं. जानेवारी 1884 मध्ये त्याचं पाच महिन्यांचं मूल दगावलं आणि त्याने लँट्रिसंटच्या टेकडीवर त्याला अग्नी दिला. लोक खवळले, त्याला अटक झाली, कार्डिफमध्ये खटला उभा राहिला. न्यायाधीश होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, ज्यांनी भारतात असताना 1872 चा भारतीय पुरावा कायदा तयार केला होता. आपल्या न्यायालयांत तो 2024 पर्यंत चालू होता. सार्वजनिक उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणं हा इंग्लंडच्या कायद्यात गुन्हा नाही, असा निर्वाळा स्टीफन यांनी दिला आणि प्राइस सुटला. 1902 च्या दहन कायद्याची वाट या खटल्याने मोकळी केली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय कुटुंबांना आज दहनाचा जो हक्क आहे, त्याच्या मुळाशी या विक्षिप्त वेल्श डॉक्टरचा हट्ट आहे.

वेल्सच्या संगीताविषयी बोलताना भाषा वगळता येत नाही. 1847 मध्ये इंग्रज तपासनिसांच्या शाळाविषयक अहवालाने वेल्श भाषेला मागासलेपणाचं कारण ठरवलं आणि देशभर संताप उसळला. नऊ वर्षांनी इव्हान जेम्सने लिहिलेलं गीत आपली भाषा टिकावी या मागण्यावर संपतं. शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवण्याची शिक्षाही त्याच शतकातली. 1911 मध्ये वेल्श बोलणारे साधारण 43 टक्के होते, 2021 च्या जनगणनेत 17.8 टक्के, म्हणजे सुमारे 5 लाख 38 हजार. उतार मोठा आहे, पण लढा सोडलेला नाही. दक्षिण वेल्समधली वेल्श माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा 1962 मध्ये निघाली ती पॉन्टप्रीदजवळच्या रीडव्हेलिनमध्ये.

‘आयस्तेदवोद’ हा या भाषेचा सर्वांत मोठा सण. 1176 मध्ये कार्डिगनच्या किल्ल्यात लॉर्ड रीसने कवी आणि वादकांच्या स्पर्धा भरवल्या, तिथून या परंपरेची मोजणी करतात. आजचा राष्ट्रीय उत्सव 1861 मध्ये अॅबरडेअरला सुरू झाला. तो दर ऑगस्टमध्ये नव्या ठिकाणी भरतो, व्यासपीठावर फक्त वेल्श चालते आणि सर्वोच्च मान कवीला मिळतो, ज्यासाठी दरवर्षी नवी लाकडी खुर्ची घडवतात. 1917 मध्ये विजेता म्हणून हेद विन याचं टोपणनाव पुकारलं गेलं तेव्हा तो मेंढपाळ कवी सुमारे पाच आठवड्यांपूर्वीच पहिल्या महायुद्धात मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. 2024 मध्ये हा उत्सव पॉन्टप्रीदच्याच अनिसंगहारद पार्कमध्ये भरला. संग्रहालयातून नदी ओलांडली की हे उद्यान लागतं. जेम्स पितापुत्रांचं स्मारक तिथेच आहे, गॉस्कम जॉन या शिल्पकाराने घडवलेलं आणि 1930 मध्ये उघडलेलं.

राष्ट्रगीताची चाल वेल्सच्या बाहेरही गेली. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचं आणि कॉर्नवॉलचं गीत याच चालीवर आहे. आणि भारतातही ती गायली जाते. 1841 मध्ये थॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी चेरापुंजीला पोचला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत बसवली. त्याच्या मागून आलेल्यांनी भजनं, सोल्फा आणि गायकवृंद आणले. मिझोराममध्ये सोल्फाची पुस्तकं आजही वापरात आहेत आणि मेघालयातलं ‘री खासी’ हे खासींचं गीत जेम्स जेम्सच्या चालीवर म्हटलं जातं.

पॉन्टप्रीदने पुढेही आवाज दिले. टॉम जोन्स 1940 मध्ये शेजारच्या ट्रेफॉरेस्टमध्ये जन्मला. ऑपेराचे दोन मोठे गायक, सर जेरंट इव्हान्स आणि स्टुअर्ट बरोज, किल्व्हनिदच्या एकाच गल्लीतले. मॉर्व्हिद ओवेन ही ट्रेफॉरेस्टची अत्यंत प्रतिभावान संगीतकार 1918 मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली, तरी तिच्या रचना आता पुन्हा वाजू लागल्या आहेत. तिला अजून तिच्या योग्यतेचा मान मिळालेला नाही.

ब्रिटनला जाणाऱ्या मराठी वाचकाने कार्डिफमध्ये एक दिवस जास्त काढावा. सकाळी पॉन्टप्रीदचा पूल आणि संग्रहालय पाहावं, उद्यानातलं स्मारक पाहावं, दुपारी सेंट फॅगन्सला जाऊन तिथल्या जुन्या वाद्यांची चौकशी करावी. संध्याकाळी एखाद्या पुरुष गायकवृंदाची तालीम असेल तर परवानगी विचारून तिथे बसावं. खोऱ्यांमधले अनेक वृंद पाहुण्यांना आनंदाने बसू देतात.